मांजराचं नख कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2026 पासून मांजराची नखं शस्त्रक्रियेने कायमची काढायला बंदी आली. मांजराच्याच आजारपणासाठी गरज असेल, तरच ती काढता येतात. न्यूयॉर्क राज्याने अशी बंदी 2019 मध्येच घातली होती, इस्रायलने 2011 मध्ये. ब्रिटनमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याखाली हे करता येत नाही.

अशी बातमी आली की आपल्याकडे मांजर पाळणाऱ्यांत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला: नखं काढण्यात एवढं काय आहे, आपण आपली कापतोच की! दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: आमच्याने सोफ्याच्या चिंध्या केल्यात, आपल्याकडे कुणी एकदाची काढून देतं का?

दोन्ही प्रश्न एकाच समजुतीतून येतात. मांजराचं नख म्हणजे आपल्या नखासारखंच काहीतरी, फक्त जास्त टोकदार, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. का नाही, हे समजायला पुस्तकातली आकृती लागत नाही, तुमचा स्वतःचा हात पुरतो. वाचताना तो मोकळा ठेवा.

हाडं मोजली तर फरक एकाच हाडाचा

माणसाच्या एका हातात, म्हणजे मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, 27 हाडं असतात. मनगटात लहान लहान 8, तळहातात लांबट 5 आणि बोटांमध्ये 14. बोटांचा हिशेब सोपा आहे. अंगठ्याला दोन पेरं आणि बाकीच्या चार बोटांना प्रत्येकी तीन. प्रत्येक पेरात एक हाड.

आता मांजराचा पुढचा पंजा. मनगटात 7, मधल्या भागात 5, बोटांमध्ये 14. एकूण 26. अंगठ्याला दोन पेरं, बाकीच्या चार बोटांना तीन तीन. कंडरांखाली, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांखाली, असतात ती अगदी बारीक हाडं या मोजणीत धरलेली नाहीत, ना आपली ना मांजराची. जे एक हाड कमी भरतं ते हरवलेलं नाही. आपल्या मनगटात सुटी असलेली दोन हाडं मांजरात एकमेकांना जुळून एक झाली आहेत. कुत्रा, अस्वल, वाघ या मांसाहारी कुळातल्या सगळ्यांतच ती जुळलेली असतात.

म्हणजे सामान जवळपास तेच. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण पुढे जे जे सांगायचं आहे ते तुमच्या हातावर पडताळून बघता येतं ते त्यामुळेच. फरक आहे तो ही हाडं कशी उभी आहेत, कशाने बांधली आहेत आणि शेवटच्या पेराचं काय झालं आहे यात.

मागच्या पायाला मांजराला चारच बोटं असतात. पुढची दहा आणि मागची आठ मिळून नखं अठरा.

आपण ज्याला पंजा म्हणतो ती नुसती बोटं आहेत

हात टेबलावर पालथा ठेवा. आता बोटं तशीच टेकलेली ठेवून मनगट आणि तळहात वर उचला. बोटांच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे तो टेबलाला टेकलेला राहू द्या. मांजर असं उभं असतं, दिवसभर.

आपण कौतुकाने हातात घेतो तो गुबगुबीत पंजा म्हणजे मांजराची फक्त बोटं. तळहाताची हाडं त्याच्या वर जवळजवळ उभी असतात आणि मनगट त्याहून वर. पुढच्या पायात मध्येच वाकलेला जो सांधा दिसतो त्याला बरेच जण गुडघा समजतात, ते मनगट आहे. कोपर पोटाच्या जवळ, केसांत लपलेलं असतं. आपण चालताना पायाची टाच टेकतो, तळवा टेकतो, मग बोटं. मांजर टाच आणि मनगट दोन्ही हवेत ठेवून बोटांवरच चालतं. त्यामुळे पाय लांब होतो, ढांग मोठी पडते आणि जमिनीला लागणारा भाग लहान राहतो. उंदराला पावलांचा आवाज लागत नाही तो याचमुळे आणि खालच्या मऊ गाद्यांमुळे.

त्या गाद्याही हाताशी जुळवून बघता येतात. चार बोटांच्या खाली चार छोट्या गाद्या आणि मध्ये एक मोठी, म्हणजे आपल्या बोटांच्या मुळाशी असलेला तो उंचवटा. अंगठ्याची एक वेगळी. सातवी गादी मात्र सगळ्यांना कोड्यात टाकते. ती बाकीच्यांपासून दूर, मनगटाच्या मागे एकटीच असते आणि चालताना जमिनीला लागतच नाही. तुमच्या मनगटाच्या घडीपाशी, करंगळीच्या बाजूला, चाचपून बघा. एक छोटं गोल हाड हाताला लागेल. मांजरात तेच हाड मागे लांब बाहेर आलेलं असतं आणि ही गादी त्याच्या टोकावर बसलेली असते. उंचावरून उडी मारून उतरताना किंवा वेगात थांबताना मनगट खाली दबतं, तेव्हा ती टेकते आणि घसरणं थांबवते.

नख आत ठेवायला जोर लागत नाही, बाहेर काढायला लागतो

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. मांजर शांत असताना ते नखं मुद्दाम आत ओढून धरतं असं वाटतं. खरं तर आत असणं ही नखाची विसाव्याची जागा आहे.

शेवटचं पेर आणि त्याच्या आधीचं पेर यांच्या वरच्या बाजूला लवचिक अस्थिबंध असतात, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे. ते शेवटचं पेर नखासकट सतत मागे खेचून ठेवतात. दवाखान्याच्या स्प्रिंगच्या दारासारखं हे काम चालतं. दार आपोआप बंद राहतं, उघडायला ढकलावं लागतं आणि सोडलं की पुन्हा बंद होतं.

ढकलणारा स्नायू कुठला? डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला ठेवा आणि उजव्या हाताच्या बोटांची टोकं घट्ट आत वळवा. तिथे स्नायू हललेला जाणवेल. बोटांच्या आत स्नायू नाहीतच. कोपराजवळचा हा स्नायू लांब कंडरांमधून बोटांची शेवटची पेरं ओढतो. मांजरातही हाच स्नायू शेवटच्या पेरांपर्यंत गेलेला आहे. तो आवळला की आपलं बोट वळतं आणि मांजराचं नख बाहेर येतं. त्याच वेळी वरच्या बाजूचे स्नायू मधलं पेर ताठ धरतात, म्हणून मांजर नखं काढतं तेव्हा बोटंही फाकतात.

एक बारीक गोष्ट मला फार सुंदर वाटते. एवढं मोठं आकडेबाज पेर मागे दुमडलं तर ते मधल्या पेरावर आपटायला हवं. ते आपटत नाही, कारण मधल्या पेराचं हाड एका बाजूने खोलगट झालेलं आहे. नखाचं पेर त्या खोलगट भागात, शेजारी जाऊन बसतं. हाडाच्या आकारातच नखासाठी जागा ठेवलेली आहे.

याचा उपयोग पुणे आणि अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना रोजच्या जगण्यात आहे. शेताच्या बांधावर ठसा दिसला की फोटो फिरायला लागतात: बिबट्या की कुत्रा? कुत्र्याची नखं आत जात नाहीत, म्हणून त्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोचे उमटतात. बिबट्या नखं आत ठेवून चालतो, त्यामुळे त्याच्या ठशात ते सहसा दिसत नाहीत. पण नुसत्या नखांवर भिस्त ठेवू नका, चिखलात पाय घसरला तर बिबट्याही नखं काढतो. मोठी गादीही बघा. मांजर कुळात तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. शंका आली तर ठशावर टोपली झाकून वनविभागाला कळवणं उत्तम.

मांजर कुळात वेगळा निघतो तो चित्ता. त्याच्या नखांवर बाकीच्यांसारखं कातडीचं आवरण नसतं, ती थोडी उघडी राहतात आणि पळताना जमिनीत रुततात. सप्टेंबर 2022 मध्ये कुनोत आणलेल्या चित्त्यांच्या ठशात नखं दिसतात ती म्हणूनच.

शेवटचं पेर आणि नख ही एकच गोष्ट आहे

आता मूळ प्रश्नाकडे. तुमचं नख बघा. ते बोटाच्या टोकाच्या पाठीवर पसरलेलं चपटं पान आहे. त्याच्या खाली मऊ भाग, त्याच्याखाली हाड. दारात बोट सापडून नख गळून पडलं तरी मूळ शाबूत असेल तर काही महिन्यांत नवं येतं. बोट मात्र तेवढंच राहतं.

मांजराच्या शेवटच्या पेराचं हाडच पुढे आकड्यासारखं वळलेलं आहे आणि नख त्या हाडावर सगळीकडून चढलेलं आहे. नख जिथून वाढतं ती पेशींची पट्टी त्याच हाडाच्या बुंध्याला वेढा घालून असते. पांढऱ्या नखाच्या मांजराचा पंजा उजेडात धरून हलकेच दाबलात तर हे दिसतं. टोकाचा पारदर्शक भाग आणि त्याच्या मागे गुलाबी गाभा. त्या गुलाबी भागात रक्त आहे, नसा आहेत आणि त्याच्याही मागे हाड.

म्हणून नख पुन्हा वाढू नये असं करायचं असेल तर हाड ठेवून चालत नाही. शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर सांध्यातून कापून काढतात. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा पेरं. तुमच्या हातावर हे बघायचं तर प्रत्येक बोटाच्या टोकाकडचा सांधा शोधा. नख, त्याखालचं मांस, हाड, सगळं त्या रेषेपाशी संपलं असं धरा.

आणि मांजर त्याच बोटांवर चालतं, हे विसरू नका. नखं बाहेर काढणारी जी कंडरा मघाशी पाहिली ती याच पेरावर घट्ट बसलेली असते, तीही तुटते. वजन पेलण्याची सगळी रीत बदलते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 274 मांजरांची तुलना केली होती, निम्मी नखं काढलेली आणि निम्मी नखं असलेली. नखं काढलेल्यांत पाठदुखीची लक्षणं, वाळूच्या ट्रेबाहेर घाण करणं आणि चावणं, तिन्ही जास्त आढळलं. यातलं ट्रेचं कारण समजण्यासारखं आहे. छाटलेल्या बोटांनी खरबरीत वाळू उकरायची तर दुखतं.

माझं मत स्पष्ट आहे. सोफ्यासाठी दहा बोटांची पेरं छाटणं समर्थनीय नाही आणि ज्या राज्यांनी कायदा केला त्यांनी योग्य केलं.

मग हात आणि पंजा वेगळे होतात कुठे?

अंगठ्यापाशी. तुमचा अंगठा करंगळीच्या टोकाला लावा. ही हालचाल मांजराला कधीच जमणार नाही. आपल्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, खोगिराच्या आकाराचा सांधा आहे. त्यामुळे अंगठा फिरून बाकीच्या बोटांसमोर येतो. सुईत दोरा ओवणं, भाकरी थापणं, पेन धरणं, सगळं त्या सांध्याच्या जिवावर. मांजराचा अंगठा आखूड, वर चढलेला, जमिनीला न लागणारा असतो. पकडलेलं भक्ष्य घट्ट धरायला आणि झाडावर चढताना तो कामाला येतो, पण बोटांसमोर येत नाही.

यावर हरकत येते: आमचं मांजर तर दाराची कडी उघडतं! उघडत असेल. ते कडी पकडत नाही. पंजा तिच्यावर टाकून अंगाच्या भाराने ती खाली ओढतं.

पंजाला कमी लेखू नका, कारण प्राण्यांमध्ये तो बराच कसबी आहे. हात समोर धरून तळवा वर, तळवा खाली असा फिरवा. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर फिरतात म्हणून हे जमतं. घोड्यात ती दोन हाडं जुळून गेली आहेत. मांजरात ती सुटी आहेत आणि चांगली फिरतात. तोंड धुताना पंजा आत वळवणं, माशी दोन्ही पंजांत झेलणं, खोडाला मिठी मारून चढणं यातूनच शक्य होतं. गळ्याखालचं हाड, हासळी, आपल्यात खांद्याला जोडलेली असते. मांजरात ती बारीक होऊन स्नायूंत तरंगत राहिली आहे. त्यामुळे खांदे आकसतात आणि ग्रीलच्या अरुंद फटीतून मांजर सहज पार होतं.

मनगटाच्या मागच्या बाजूला, त्या सातव्या गादीच्या थोडं वर, मांजराला काही लांब ताठ केस असतात. तोंडावरच्या मिशांसारख्याच त्या मिशा आहेत. नाकाजवळचं मांजराला नीट दिसत नाही, म्हणून पंजात धरलेला उंदीर अजून हलतोय का हे ते या केसांनी ओळखतं. आपल्याकडे याला जोड नाही. आपण बोटांच्या टोकांनी चाचपतो, डोळ्यांनी जवळून बघतो.

गाद्यांना स्पर्श आणि जमिनीतली थरथर फार चांगली कळते. घामाचं तर आपल्याशी थेट नातं आहे. भीती वाटली की आपल्या तळहातांना घाम फुटतो, मांजराच्या गाद्यांनाही फुटतो. दवाखान्याच्या स्टीलच्या टेबलावर ओलसर पंजे उमटलेले दिसले तर ते घाबरलेलं आहे असं समजा.

सहा बोटांची मांजरंही असतात. अमेरिकेतल्या ‘की वेस्ट’ या बेटावरच्या, लेखक हेमिंग्वे यांच्या घरातली मांजरं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्या जादा बोटामागे डीएनएमधला जो छोटा तुकडा आहे, तो गर्भात बोटं कुठे फुटायची ते ठरवतो. माणसातही त्याच तुकड्यातल्या बदलाने जादा अंगठा येतो.

मांजर मुद्दाम सोफा फाडतं का?

नाही. नख आतून थराथराने वाढतं आणि बाहेरचं जुनं कवच बोथट होतं. खरबरीत काहीतरी ओरबाडलं की ते कवच निघतं आणि आतलं टोकदार नख मोकळं होतं. सोफ्यापाशी कधी तरी नखाच्याच आकाराचा पोकळ, पातळ पापुद्रा सापडतो, तो हा. नख उपटून पडलं असं वाटून घाबरू नका. शिवाय ओरबाडताना बोटांमधल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, ही जागा माझी अशी खूण राहते, आणि पाठ, खांदे, पंजे चांगले ताणले जातात.

तेव्हा ओरबाडणं बंद करता येत नाही, जागा बदलता येते. लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणू शकेल एवढा तो उंच हवा आणि हलता कामा नये. डगमगणाऱ्या खांबाकडे मांजर ढुंकूनही बघत नाही. तो कोपऱ्यात नको, ज्या सोफ्यावर राग आहे त्याच्या शेजारीच ठेवा. काही मांजरांना आडवं ओरबाडायला आवडतं, त्यांना जाड पुठ्ठा पुरतो.

पण घरात लहान मूल आहे, ओरखड्याचं काय?

ही काळजी रास्त आहे. रेबीजचा धोका आपल्याकडे खरा आहे. मांजराने ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. रक्त आलं नसलं तरी जा. लस लागेल का हे त्यांनी ठरवायचं, आणि घरच्या मांजराचीही रेबीजची लस वेळेवर द्या. नखं काढणं हा यावरचा उपाय नाही, कारण नखं गेलेलं मांजर दात वापरतं आणि चावा ओरखड्याहून खोल जातो.

आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा विनाकारण वेदना देणं गुन्हा मानतो, पण मांजराच्या नखांचा वेगळा उल्लेख त्यात नाही.

नखांची टोकं कापणं मात्र चांगलं आणि सुरक्षित आहे. मांजर पेंगलेलं असताना एक बोट वरून आणि खालून हलकेच दाबा, नख बाहेर येईल. गुलाबी गाभ्याच्या बरंच अलीकडे, फक्त टोक उडवा. काळ्या नखात गाभा दिसत नाही, तिथे अगदी थोडंच कापा. दोन नखं झाल्यावर मांजर वैतागलं तर सोडून द्या, उरलेली उद्या. दर दोन-तीन आठवड्यांनी एवढं पुरतं.

अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. म्हातारी मांजरं ओरबाडतातही कमी, मग ते जाड होऊन गोल वळतं आणि स्वतःच्याच गादीत घुसतं. मांजर लंगडायला लागेपर्यंत घरच्यांच्या लक्षात येत नाही. तसं दिसलं तर घरी ओढून काढू नका. डॉक्टर ते कापतात, जखम धुतात आणि गरज असेल तर अँटिबायोटिक देतात.